रॉचडेलचें दुकान

सहकाराचा इतिहास सांगूं लागलें कीं रॉचडेलच्या दुकानाचें नांव निघतेंच. परंतु त्याविषयीं जें बोललें जातें तें बहुधा नफ्याविषयीं. त्या दुकानानें ज्ञान कसें मिळविलें व कसें वांटलें, हें मला आज सांगावयाचें आहे.

इंग्लंडांतील या गिरण्यांच्या गांवीं ता. २१ डिसेंबर १८४४ रोजीं टोड लेनमधील एका वखारीच्या तळमजल्यावर हें दुकान उघडलें. सभासद २८, भांडवल २८ पौंड. तेंही आठवड्याला दोन-तीन पेन्स बाजूला टाकून जमविलेलें. माल म्हणजे लोणी, साखर, पीठ आणि थोड्या मेणबत्त्या. गल्लींतील पोरांनीं टवाळी केली, यांत नवल नाहीं.

याच गांवांत १८३३ सालीं निघालेलें असेंच एक दुकान उधारीपायीं दोन वर्षांत बुडालें होतें. तो धडा नव्या मंडळींनीं ध्यानांत ठेविला. व्यवहार रोखीनें, मत प्रत्येकास एकच, मग भाग कितीही असोत, आणि नफा ज्याच्या-त्याच्या खरेदीच्या प्रमाणांत परत. ही शेवटची युक्ति यापूर्वीं अन्यत्र योजिली गेली होती. नियमांचा सांगाडाही मँचेस्टरच्या एका आजारी-साहाय्य संस्थेकडून घेतलेला. उसनें घेतलेलें नीट जुळवून चालवून दाखविणें, हेंच त्यांचें खरें कर्तृत्व.

मी जन्मभर मास्तरकी केलेली; म्हणून माझें लक्ष एका कलमावर अधिक जातें. १८५३ पासून नफ्याचा शेंकडा अडीच भाग शिक्षणासाठीं वेगळा निघूं लागला. त्यांतून वाचनालय व ग्रंथालय वाढलें. दिवसभर मागावर किंवा गिरणींत राबणारा माणूस तेथें वर्तमानपत्र वाची, आणि आपल्याच दुकानाचा हिशोब समजण्याइतका तयार होई.

नियम त्यांनीं लपवून ठेविले नाहींत. होलिओक या लेखकानें १८५७-५८ च्या सुमारास त्यांचा इतिहास लिहिला. तो वाचून गांवोगांव तशीं दुकानें निघालीं. १८६३ सालीं अशा दुकानांनीं मँचेस्टरला आपली घाऊक पेढी काढली. हिंदुस्थानांत १९०४ चा कायदा पतपेढ्यांपुरता होता. १९१२ च्या कायद्यानें अशा भांडारांनाही वाट मोकळी झाली.

परंतु रॉचडेलमध्येंच एक पराभवही झाला. १८५४ सालीं या मंडळींच्या पुढाकारानें सहकारी सूतगिरणी निघाली. नफ्यांत भागधारकांबरोबर कामगारांनाही वांटा होता. गिरणीची भरभराट पाहून नवे भागधारक आले. दुकानाचा सभासद रोज दुकानांत येई, चार गोष्टी ऐके, वाचनालयांत बसे; गिरणीचा भाग घ्यावयास मात्र पैसा पुरे होता. कामगाराला वांटा कां, हें या नव्यांना कोणीं समजावून दिलें असेल असें मला वाटत नाहीं. १८६२ सालीं त्यांनीं बहुमतानें तो वांटा बंद केला. संस्थापकांपैकीं ज्यांनीं विरोध केला ते अल्पमतांत राहिले, आणि गिरणी इतर गिरण्यांसारखीच चालूं लागली.