सिस्टेमिक स्क्लेरोसिसमधील फुप्फुसबाधेचे निदान

सिस्टेमिक स्क्लेरोसिस अथवा त्वचाकाठिण्य हा स्वयंप्रतिरक्षा विकार असून त्यात त्वचा, सूक्ष्म रक्तवाहिन्या व अंतर्गत इंद्रिये बाधित होतात. स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक आहे. या विकाराने होणाऱ्या मृत्यूंत फुप्फुसबाधेचा वाटा सर्वांत मोठा आहे. ती अनेकदा धाप लागण्याआधीच सुरू झालेली असते, म्हणून विकाराचे निदान होताच फुप्फुसे तपासतात.

प्रकार : फुप्फुसाच्या ऊतकाचे तंतुमयीकरण, म्हणजे आयएलडी, बहुधा पहिल्या काही वर्षांत उद्भवते. रक्तात एससीएल-७० प्रतिपिंडे असल्यास त्याचा धोका वाढतो. फुप्फुस-धमन्यांतील रक्तदाबवाढ सहसा उशिरा दिसते व सेंट्रोमिअरविरोधी प्रतिपिंडे असणाऱ्यांत अधिक आढळते.

तपासण्या : स्टेथोस्कोपने फुप्फुसांच्या तळाशी कोरडी करकर ऐकू येते. साधा एक्स-रे सुरुवातीला निर्दोष दिसू शकतो, त्यामुळे आयएलडीसाठी एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसांचा सूक्ष्मदर्शी सीटी स्कॅन, करतात. त्यात तळाकडे धूसर छटा व जाळीदार रेषा दिसतात. २००८ मधील एका वर्गीकरणानुसार २० टक्क्यांहून स्पष्टपणे अधिक भाग बाधित असल्यास आजार विस्तृत ठरतो. सीटीवरून निर्णय होत नसल्यास श्वसनचाचणीतील एफव्हीसी, म्हणजे जोराने बाहेर सोडलेल्या पूर्ण श्वासाचे प्रमाण, अपेक्षित मूल्याच्या ७० टक्क्यांखाली आहे का, हे पाहतात. एफव्हीसी टिकून असताना वायुविनिमय दाखवणारी डीएलसीओ घटल्यास धमन्यांतील दाबवाढीचा संशय घेतात. त्यासाठी दरवर्षी हृदयाची इको (ध्वनिलहरी) तपासणी करतात. निश्चिती मात्र हृदयाच्या उजव्या बाजूच्या कॅथेटर तपासणीनेच होते. विश्रांतीत सरासरी दाब पाऱ्याच्या २० मिमी.हून अधिक असणे ही मर्यादा हल्ली मानतात.

सोलापूरचा संदर्भ : यंत्रमाग आणि विडी हे सोलापूरचे जुने उद्योग. अशा ठिकाणी कोरडा खोकला व दम यांमागे आधी क्षय, सुताची धूळ किंवा तंबाखू यांचा विचार होणे स्वाभाविक आहे. थुंकीत क्षयाचे जंतू नसतील आणि बोटे थंडीत पांढरी-निळी पडणे, हातांची कातडी ताठरणे, गिळताना अडणे अशी लक्षणे असतील, तर रक्तातील एएनए (पेशीकेंद्रविरोधी प्रतिपिंडे) तपासणी उपयोगी पडते. १९६३ मध्ये सुरू झालेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे सर्वोपचार रुग्णालय हे शहरातील प्रमुख शासकीय रुग्णसेवा केंद्र आहे. निदान झाल्यावर आयएलडीसाठी मायकोफेनोलेटसारखी प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे देतात. त्यांनी सुप्त क्षय उफाळू शकतो. त्यामुळे क्षयाची तपासणी उपचारापूर्वीही करावी लागते.