सर्पगंधा, अश्वगंधा आणि एक फीडबॅक लूप

मागच्या शनिवारी मंचर-घोडेगावमार्गे भीमाशंकरला गेलो होतो. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी कुटुंबं बाळहिरडा गोळा करून विकतात. त्यावरून गाडीत वनौषधींचा विषय निघाला. तेवढ्यात मित्र म्हणाला, "अरे, मी डिप्रेशनच्या गोळ्या बंद केल्यात. आता फक्त अश्वगंधा. झाडपाला आहे, अपाय तर नाही ना?"

मी तेव्हा गप्प बसलो. घरी आल्यावर जुनं वाचलेलं पुन्हा काढलं.

तर मंडळी, आधी गोष्ट सर्पगंधेची. 1931 साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की ही मुळी वेडावर आणि रक्तदाबावर चालते. बाहेर फारसं कुणी लक्ष दिलं नाही. मग 1949 मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 50 रुग्णांवरचे निष्कर्ष 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले, आणि पाश्चात्त्य डॉक्टर जागे झाले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं. वकिलांना 1957 चा लास्कर पुरस्कार मिळाला.

पण रेसर्पिन घेणारे काही रुग्ण उदास होऊ लागल्याची नोंद झाली. हे औषध मेंदूतले सेरोटोनिनसारख्या रसायनांचे साठे रिकामे करतं. त्यातूनच 'रसायन कमी म्हणजे डिप्रेशन' हा सिद्धांत बळावला. पुढे दोन्ही गोष्टींवर शंका घेतल्या गेल्या: रेसर्पिनमुळे खरंच डिप्रेशन येतं का, आणि डिप्रेशन इतकं सरळ असतं का.

दुसरा धागा ताणाच्या हार्मोनचा. आपल्या भाषेत सांगायचं तर हा फीडबॅक लूप आहे. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरीला सांगतो, ती अ‍ॅड्रिनल ग्रंथीला सांगते, मग कॉर्टिसॉल सुटतं. तेच कॉर्टिसॉल परत मेंदूला म्हणतं, 'बास, आता थांब.' गंभीर डिप्रेशनच्या बऱ्याच रुग्णांत हा ब्रेक नीट लागत नाही. सगळ्यांत नाही, हे महत्त्वाचं.

अश्वगंधा इथेच येते. 2012 मध्ये भारतात 64 ताणग्रस्त लोकांवर 60 दिवसांची चाचणी छापून आली. मुळीचा अर्क घेणाऱ्यांचा ताण आणि कॉर्टिसॉल दोन्ही, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त उतरले. चीनमध्ये 'श्याओयाओसान' या जुन्या काढ्यावरही याच दिशेने काम चालू आहे, पण त्यातलं बरंचसं उंदरांवर. आणि ताण म्हणजे डिप्रेशन नव्हे. युनिट टेस्ट पास झाली म्हणून कोणी प्रॉडक्शनला ढकलतं का?

वर अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याचीही काही उदाहरणं नोंदली गेली आहेत. सर्पगंधेने हेच शिकवलं: जी मुळी खरोखर काम करते, ती अपायही करू शकते.

रविवारी रात्री मित्राला फोन करून हे सगळं सांगितलं. म्हटलं, "अश्वगंधा घ्यायची तर घे, पण डॉक्टरांना सांगून. आणि गोळ्या अशा एकदम बंद करू नकोस रे."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "उद्या येतोस माझ्याबरोबर?"

सोमवारी हाफ डे टाकला.