‘म्हणणे’ दिले नाही तर...
स्वतःच बाजू मांडणाऱ्या प्रतिवादीच्या मौनाचे कायदेशीर परिणाम

चौक : मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, तेव्हापासून खालापूर आणि कर्जत तालुक्यांतील जमिनींना नवे मोल आले. त्यासोबत बांध, वहिवाट आणि वाटणीचे वादही वाढले. चौक परिसरातील असा वाद खालापूरच्या दिवाणी न्यायालयात जातो. प्रत्येकाला वकील परवडतोच असे नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता पक्षकाराला स्वतः उभे राहून बाजू मांडण्याचा अधिकार देते. मात्र वकील नसल्याने नियम सैल होत नाहीत. विरुद्ध पक्षाच्या अर्जाला वेळेत विरोध न केल्यास काय घडते, हे म्हणूनच समजून घेतले पाहिजे.

‘निशाणी ५’ म्हणजे काय?
समजा, चौकमधील एका शेतकऱ्यावर शेजाऱ्याने दावा दाखल केला. दाव्यासोबत बहुधा तूर्तातूर्त मनाईचा अर्ज असतो. न्यायालयाच्या बोलीभाषेत तो ‘निशाणी ५’. निकाल लागेपर्यंत प्रतिवादीने जमिनीत जाऊ नये, बांधकाम करू नये किंवा ती विकू नये, अशी मागणी त्यात असते. त्यावर प्रतिवादीने लेखी उत्तर द्यायचे असते. त्यालाच ‘म्हणणे’ किंवा ‘से’ म्हणतात. शेतकरी तारखेला गेला, नाव पुकारल्यावर उभा राहिला आणि ‘जमीन माझीच आहे’ असे सांगून परतला, तर त्याचे म्हणणे दाखल झाले असे होत नाही. एकदोन तारखा दिल्यानंतर न्यायालय ‘नो से’ हुकूम करते आणि अर्ज त्याच्या म्हणण्याशिवाय निकालात काढते.

मौन म्हणजे संमती नव्हे, पण...
म्हणणे नाही म्हणून अर्ज आपोआप मंजूर होत नाही. वादीचा प्रथमदर्शनी हक्क, सोयीअसोयीचा तोल आणि भरून न निघणारी हानी या तिन्ही कसोट्या न्यायालयाला तपासाव्याच लागतात. पण समोर एकाच बाजूचे प्रतिज्ञापत्र आणि एकाच बाजूचे सातबारा उतारे असतात. ते खोडणारे काहीही अभिलेखावर नसल्याने पारडे एका बाजूला झुकते. मनाईचा हुकूम झाला की तो सहसा दाव्याच्या निकालापर्यंत, म्हणजे कित्येक वर्षे टिकतो. तो मोडल्यास मालमत्तेवर टाच येऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते.

कैफियतीची मुदत वेगळी
अर्जावरील म्हणणे आणि दाव्यावरील लेखी कैफियत या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. अनेकांची गफलत येथेच होते. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यावी लागते; न्यायालय ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. सर्वसाधारण दाव्यांत त्यानंतरही अपवाद म्हणून सवलत मिळू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये कैलाश विरुद्ध नन्हकू या प्रकरणात स्पष्ट केले. कैफियत नसल्यास, न नाकारलेली विधाने मान्य धरून न्यायालय निकाल देऊ शकते. मात्र असा निकाल यांत्रिकपणे देऊ नये, वादीचे म्हणणे तपासावे, असा दंडक बलराज तनेजा विरुद्ध सुनील मदान या १९९९ च्या निवाड्याने घालून दिला.

परतीचे मार्ग
‘नो से’ हुकूम झाला, पण अर्जाचा निकाल लागलेला नसेल, तर सबळ कारण देऊन तो हुकूम रद्द करण्याची विनंती करता येते. अशा वेळी न्यायालय विरुद्ध पक्षाचा खर्च देण्याची अट घालू शकते. मनाईचा हुकूम झालाच, तर तो उठवण्यासाठी वा बदलण्यासाठी त्याच न्यायालयात अर्ज करता येतो किंवा ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येते.

दावा एकतर्फी चालवण्याचा हुकूम झाला तरी सारे संपत नाही. प्रतिवादी पुढील टप्प्यापासून कामकाजात भाग घेऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्येच संग्राम सिंह प्रकरणात सांगितले. गैरहजेरीचे योग्य कारण पटवल्यास मागे सुटलेली संधीही परत मिळते. एकतर्फी हुकूमनामा झाल्यास तो रद्द करण्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे. ती हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात. समन्स रीतसर बजावले गेले नसेल, तर तो कळल्याच्या दिवसापासून. मुदत उलटल्यास विलंब माफीचा अर्ज द्यावा लागतो आणि उशिराचे कारण पटवावे लागते. ‘मला कायदा माहीत नव्हता’ एवढे सांगून सहसा भागत नाही.

काय करावे?
समन्ससोबतचे सर्व कागद वाचून पुढील तारीख टिपून ठेवावी. अर्जातील प्रत्येक विधान मान्य की अमान्य, हे परिच्छेदवार लिहावे. म्हणणे मराठीत चालते. सोबत प्रतिज्ञापत्र आणि आपले उतारे जोडावेत, एक प्रत विरुद्ध पक्षाला द्यावी. तयारी नसेल तर मुदतीसाठी लेखी अर्ज द्यावा, तोंडी विनंतीवर विसंबू नये. तारखेनंतर रोजनामा पाहावा.

वकील परवडत नसल्यास तालुका विधी सेवा समितीकडे जावे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. चौकभोवतालच्या वाड्यांवरील ठाकूर आणि कातकरी कुटुंबांनाही हा हक्क आहे. इतरांसाठी उत्पन्नमर्यादा आहे. १५१०० या क्रमांकावर माहिती मिळते. मात्र हा दूरध्वनी समन्स हाती पडताच करावा; हुकूम झाल्यावर केला, तर तोवर मुदतीचे दिवस सरू लागलेले असतात.