संकल्प कोणाचा? : आनंदीबाई जोशी आणि ध्येयाची भाषा

वैद्यकीय शिक्षणाची वाट लांब आणि खडतर असते. ती संपेपर्यंत टिकून राहायचे, तर आरंभीच जीवितध्येय स्पष्ट असावे लागते, असा उपदेश आपण विद्यार्थ्यांना नेहमी करतो. दाखला म्हणून डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव हटकून येते. हा दाखला योग्यच आहे; मात्र तो आपण चुकीच्या जागेवरून देतो, असे आम्हांला वाटते. आनंदीबाईंचे ध्येय काय होते हे आपण त्यांच्याकडून ऐकत नाही, त्यांच्या पतीच्या हट्टातून ऐकतो.

याला आपले वाङ्मय काही अंशी जबाबदार आहे. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ मध्ये आली आणि मराठी मनातील आनंदीबाईंची प्रतिमा तिने जवळजवळ निश्चित केली. पुढे याच नावाचे नाटक आले, २०१९ मध्ये चित्रपट आला. कादंबरीचे वाङ्मयीन गुण निर्विवाद आहेत. परंतु गोपाळराव हे पात्रच असे विक्षिप्त, आग्रही आणि नाट्यमय आहे की कथेची सूत्रे आपोआप त्याच्या हाती जातात. तो घडवणारा, ती घडणारी, असे समीकरण वाचकाच्या मनात पक्के होते. ऐतिहासिक साधने मात्र वेगळे काही सांगतात.

घटनाक्रम परिचित आहे. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली, कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना नवव्या वर्षी गोपाळराव जोशी या टपाल खात्यातील बिजवराची पत्नी झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणाची आणि स्वतःच्या नोकरीची अमेरिकेत सोय व्हावी म्हणून वाइल्डर या मिशनऱ्यांना पत्र लिहिले. ते एका मिशनरी नियतकालिकात छापले गेले आणि न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आले. येथपर्यंत पुढाकार निःसंशय गोपाळरावांचा आहे. तो नाकारणे इतिहासाला धरून होणार नाही.

परंतु २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर (बंगाल) येथील महाविद्यालयाच्या सभागृहात जी व्यक्ती बोलावयास उभी राहिली, तिला अठरावे वर्षही पूर्ण झालेले नव्हते, आणि ती प्रथमपुरुषी एकवचनात बोलत होती. लोक जे प्रश्न आडून विचारीत होते, तेच सहा प्रश्न तिने स्वतः मांडले. अमेरिकेस का जाता? येथे शिक्षणाची सोय नाही काय? एकट्या का जाता? परत आल्यावर जात बहिष्कार घालणार नाही काय? तेथे काही संकट ओढवले तर? आणि आजवर कोणत्याही स्त्रीने जे केले नाही ते तुम्हीच का करावे?

या भाषणाची बांधणी अभ्यासण्यासारखी आहे. पहिले उत्तर अगदी थोडक्यात येते : हिंदुस्थानात हिंदू स्त्रीवैद्यांची गरज वाढते आहे आणि त्यासाठी मी स्वतःला पुढे करीत आहे. पुढील सारी उत्तरे या एका वाक्याला टेकून उभी आहेत. एकटे जाण्याचे कारण भावनेने नव्हे, व्यवहाराने दिले आहे : वृद्ध आई आणि धाकटे भाऊ यांचा भार पतीवर आहे. बहिष्काराच्या धाकाला उत्तर असे, की मी तेथेही येथल्यासारखीच राहणार आहे. मग बहिष्कार घालायचा तर तो आत्ताच का घालीत नाही? ध्येय स्पष्ट असले म्हणजे युक्तिवादाला किती धार येते, याचा हा नमुना आहे.

दुसरा मजकूर त्याच वर्षीच्या जून महिन्यातील, पेन्सिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे केलेल्या अर्जाचा. आपली पूर्वतयारी प्रवेशाच्या सर्व अटींना पुरी पडणारी नाही, हे त्या लपवीत नाहीत. स्वजन आणि जात यांच्या एकवटलेल्या विरोधाला न जुमानता जो निश्चय येथवर घेऊन आला, तोच हेतू तडीस नेण्यास साहाय्य करील, असे त्या लिहितात. हेतू कोणता, तेही नेमके सांगतात : पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींना खरी वैद्यकीय मदत देणे.

या दोन्ही मजकुरांत त्या दहा दिवसांच्या बाळाचा उल्लेख नाही. चरित्रकार त्या मृत्यूशी संकल्पाचा संबंध जोडतात, आणि तो असणारच. पण आनंदीबाईंनी आपल्या दुःखाचे भांडवल केले नाही. खाजगी दुःख ओलांडून त्यांनी सार्वजनिक गरजेवर बोट ठेवले. आमच्या मते संकल्प त्यांचा स्वतःचा झाला तो येथे. पतीची महत्त्वाकांक्षा 'माझ्या बायकोने शिकावे' अशी होती. आनंदीबाईंच्या वाक्यात 'माझ्या देशभगिनींना' असा शब्द आला. कर्ता बदलला आणि कर्मही बदलले. अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या पत्रांत त्यांनी पूर्वीच्या मारहाणीची जी निर्भीड आठवण करून दिली, तीही याच स्वतंत्र झालेल्या मनाची खूण होय.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. प्रबंधाचा विषयही ध्येयाशी इमान राखणारा होता : आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. पदवीदानास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरील त्यांचा ग्रंथ १८८७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रीविभागाची जागा ठरली होती. परंतु क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

येथे ध्येयवादाच्या सोप्या उपदेशाची मर्यादा दिसते. ध्येय मनाला तगवते. थंडी, आहाराचे हाल आणि रोग यांपासून शरीराला वाचवीत नाही. म्हणून या कथेला डॉ. रखमाबाईंची कथा जोडून वाचावी. बालविवाहाने लादलेल्या पतीकडे नांदावयास जाण्यास त्यांनी नकार दिला. १८८७ मध्ये न्यायालयाने पतीकडे जा अथवा सहा महिने कारावास पत्करा, असा निर्णय दिला, तेव्हा त्यांनी कारावासाची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली, आणि पुढे लंडनला वैद्यक शिकून आल्यावर त्यांनी सुरत व राजकोट येथे कित्येक दशके स्त्रियांची सेवा केली. १९५५ पर्यंत त्या हयात होत्या. पतीच्या पुढाकाराने एक निघाली, पतीला नकार देऊन दुसरी. पोचावयाचे ठिकाण एकच. मग पुढाकार कोणाचा, हा प्रश्न दुय्यम ठरतो आणि संकल्प शेवटी कोणाच्या तोंडी आला, हा महत्त्वाचा.

आज वैद्यकीय प्रवेशाची स्वप्ने पुष्कळदा घरातील वडीलधारी पाहतात. तेवढ्याने ते स्वप्न खोटे ठरत नाही. परंतु 'कोणासाठी?' या प्रश्नाचे एक साधे वाक्य विद्यार्थ्याला स्वतःच्या शब्दांत लिहिता येईपर्यंत ते उसनेच असते. साहित्याच्या अध्यापकांनी करावयाचे ते एवढेच : 'आनंदी गोपाळ' शिकवताना श्रीरामपूरचे भाषण शेजारी ठेवावे. कादंबरीतील गोपाळरावांचा आवाज मोठा आहे. त्याच्या शेजारी आनंदीबाईंचा आवाजही मग विद्यार्थ्यांच्या कानी पडेल.