संभवाचें गणित

मनुष्य ज्याला दैव म्हणत आला, त्याचें माप घेतां येतें ही कल्पना गणिताच्या इतिहासांत फार उशिरां उदयास आली. फांशांचे आणि कवड्यांचे खेळ हजारों वर्षें चालत आले. पण पुढचें दान काय पडेल याविषयीं कांहीं नेमकें बोलतां येईल, असें फारसें कोणाला वाटलें नाहीं. या शास्त्राचा पाया घातला तो १६५४ सालीं फ्रान्समधील दोघां पुरुषांच्या पत्रव्यवहारानें. एक पॅरिसचा ब्लेझ पास्काल आणि दुसरा तुलूज येथील न्यायाधिकारी पिएर द फर्मा. निमित्त मात्र क्षुल्लक होतें. शेवालिए द मेरे या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या एका शौकीन गृहस्थानें जुगारांतील कांहीं प्रश्न पास्कालला विचारले होते.

त्यांतील एक प्रश्न असा: दोघे खेळाडू प्रत्येकीं ३२ सुवर्णनाणीं लावून खेळत आहेत. जो प्रथम तीन डाव जिंकील त्यानें सर्व ६४ नाणीं न्यावीं. एकाचे दोन आणि दुसऱ्याचा एक डाव झाला असतां खेळ मोडला, तर वांटणी कशी करावी? लुका पाचोली या इटालियन पंडितानें १४९४ सालच्या आपल्या ग्रंथांत अशा प्रसंगीं जिंकलेल्या डावांच्या प्रमाणांत वांटणी करण्याची रीत दिली होती. फर्मानें झालेल्या डावांकडे न पाहतां राहिलेल्या डावांकडे पाहिलें. निकाल लागण्यास आणखी फार तर दोन डाव हवेत. ते चार प्रकारें होऊं शकतात: दोन्ही आघाडीवाल्याचे; पहिला त्याचा व दुसरा प्रतिस्पर्ध्याचा; पहिला प्रतिस्पर्ध्याचा व दुसरा त्याचा; किंवा दोन्ही प्रतिस्पर्ध्याचे. चारांपैकीं तीन प्रकारांत आघाडीवाला जिंकतो. म्हणून त्याला ४८ आणि दुसऱ्याला १६ नाणीं. पास्कालची रीत निराळी होती. उत्तर तेंच आलें.

यावर रोबेरव्हाल या गणितज्ञानें आक्षेप घेतला. खेळ आधींच संपला तर जे डाव खेळलेच जाणार नाहींत, ते गणतींत कां धरावे? आक्षेप वरवर सयुक्तिक दिसतो. इतका, कीं पुढें शंभर वर्षांनीं दालांबेर याच्यासारखा थोर गणिती त्याच जागीं अडखळला. नाणें दोनदां उडवलें तर निदान एकदां छापा पडण्याचा संभव किती? फ्रेंच विश्वकोशाच्या १७५४ सालच्या खंडांत दालांबेर म्हणतो कीं, पहिल्यांदाच छापा पडला तर काम झालें. म्हणून प्रकार तीनच, आणि संभव दोन-तृतीयांश. चूक कोठें आहे? ते तीन प्रकार सारख्या तोलाचे नाहींत. पहिल्यांदाच छापा पडण्याचें वजन अर्धें, आणि उरलेल्या दोहोंचें प्रत्येकीं पाव. खरें उत्तर तीन-चतुर्थांश. अनुकूल प्रकारांना एकूण प्रकारांनीं भागावें, हा या शास्त्राचा पहिला नियम. पण सर्व प्रकार समसंभव असले पाहिजेत, ही त्याची अट आहे.

पुढील नियमही असेच सोपे, आणि असेच अटींनीं बांधलेले. दोन घटनांपैकीं कोणती तरी एक घडण्याचा संभव हवा असेल, तर दोहोंचे संभव मिळवावे. मात्र त्या एकाच वेळीं घडणाऱ्या नसाव्या. दोन्ही घडण्याचा संभव हवा असेल, तर गुणाकार करावा. मात्र एकीचा दुसरीवर परिणाम होतां कामा नये. फांसा चारदां टाकला आणि एकदांही सहा पडला नाहीं, याचा संभव पांच-षष्ठांशाचा चारदां गुणाकार, म्हणजे १२९६ पैकीं ६२५. म्हणून निदान एकदां सहा पडण्याचा संभव १२९६ पैकीं ६७१, अर्ध्याहून किंचित् अधिक. असल्या नियमांची मांडणी द म्वाव्हर यानें १७१८ सालीं आणि लाप्लास यानें १८१२ सालीं ग्रंथरूपानें केली. आणि १९३३ सालीं रशियन गणिती कोल्मोगोरोव्ह यानें थोड्याशा मूलतत्त्वांवर सारी इमारत उभी केली.

जुगाराच्या पटावर अट विसरली तर नाणीं जातात. यंत्राच्या बाबतींत माणसें जातात. २८ जानेवारी १९८६ रोजीं अमेरिकेचें ‘चॅलेंजर’ हें अंतराळयान उड्डाणानंतर सुमारें ७३ सेकंदांत नष्ट झालें आणि त्यांतील सातही जण मृत्यु पावले. त्याच्या इंधन-अग्निबाणाच्या सांध्यांत दोन रबरी कडीं होतीं. एक निकामी झालें तरी दुसरें सांधा राखील, अशी योजना. अशा जोडीच्या संभवांचा गुणाकार केला तर धोका नगण्य दिसतो. परंतु त्या सकाळच्या कडाक्याच्या थंडीनें एका कड्याची लवचिकता जाते, तशी दुसऱ्याचीही जाते. कारण एकच असेल तेथें घटना स्वतंत्र नसतात, आणि गुणाकार करण्याचा अधिकारच उरत नाहीं.

चौकशी-मंडळावरील पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांना असें आढळलें कीं, यान गमावण्याचा संभव व्यवस्थापक लाखांत एक मानीत, तर प्रत्यक्ष काम करणारे इंजिनियर शंभरांत एकाच्या आसपास. लाखांत एक म्हणजे, रोज एक याप्रमाणें तीनशें वर्षें यानें सोडावीं आणि त्यांत एकच गमवावें! २०११ सालीं ही यानें बंद झालीं, तोंपर्यंत १३५ उड्डाणें झालीं होतीं, आणि दोन यानें नष्ट झालीं होतीं.

इंजिनियरिंगचा विद्यार्थी हे नियम एका बैठकींत पाठ करूं शकतो. बेरीज व गुणाकार कोणालाही येतात. प्रत्येक नियमाच्या शेपटीं लागलेलें ‘मात्र’ सांधा जोडतांना, पूल बांधतांना आठवणें, हें खरें शिक्षण होय. आणि त्याला जन्म पुरत नाहीं.