मेकॉलेचे न झालेले भाषण

मेकॉलेच्या नावावर खपवला जाणारा एक उतारा एव्हाना बहुतेकांच्या वाचनात आला असेल. पूर्वी तो ई-मेलमधून फिरे, आता व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरतो. सारा भारत पालथा घातला, पण एकही भिकारी वा चोर दिसला नाही. या देशाचा कणा मोडायचा तर त्याची जुनी शिक्षणपद्धती बदलली पाहिजे, असा त्याचा आशय. खाली नोंद असते : ब्रिटिश पार्लमेंट, २ फेब्रुवारी १८३५.

ही नोंदच उताऱ्याचे बिंग फोडते. त्या दिवशी मेकॉले लंडनमध्ये नव्हताच. पार्लमेंटची जागा सोडून, गव्हर्नर-जनरलच्या मंडळाचा विधिसदस्य म्हणून तो जून १८३४मध्ये मद्रासला उतरला. निलगिरीत लॉर्ड बेंटिंकला भेटून कलकत्त्यास गेला आणि पुढे १८३८पर्यंत हिंदुस्थानातच राहिला.

तारीख मात्र हवेतून आलेली नाही. त्याच दिवशीचे त्याचे शिक्षणविषयक टिपण प्रसिद्ध आहे. १८१३च्या सनदी कायद्याने शिक्षणासाठी राखलेले वार्षिक एक लाख रुपये संस्कृत-अरबीवर खर्चावेत की इंग्रजीवर, हा वाद होता. आपल्याला संस्कृत वा अरबी येत नाही, हे मेकॉले तेथे स्वतःच सांगतो. आणि तरीही युरोपातील चांगल्या ग्रंथालयाचे एक फडताळ भारत-अरबस्तानच्या समग्र वाङ्मयाच्या तोडीचे ठरवून मोकळा होतो. ७ मार्चला बेंटिंकने इंग्रजीच्या बाजूने निर्णय दिला.

दोन्ही मजकूर शेजारी ठेवून पाहावेत. बनावट मेकॉले आपली थोरवी गातो. खरा आपल्याला खिजगणतीतही धरत नाही. पहिला लोकप्रिय का, याचे उत्तर यातच आहे, असे आम्हांस वाटते. शत्रूच्या तोंडचे प्रशस्तिपत्र कोणाला नको असते? पण त्या मोहापायी आपण खरा अपमान विसरतो. कपटी कारस्थानी समजायला सोपा असतो; स्वतःच्या अज्ञानावर गाढ श्रद्धा असलेला सत्ताधीश समजून घेणे अवघड.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली. मेकॉलेच्या गद्यशैलीचे ते चाहते होते आणि इंग्रजी राज्याचे कठोर टीकाकारही. हे गुंतागुंतीचे नाते खोट्या उताऱ्याच्या चौकटीत बसणारच नाही.

वसाहतवादाविरुद्धचा पुरावा अस्सल टिपणात भरपूर आहे. खोटा साक्षीदार उभा केला, की खरा दावाही बुडतो.