न्यूमोनियानंतर वृद्धांची खरी कसोटी घरी

केरळमधील ९३ व ८८ वर्षांचे एक दाम्पत्य एप्रिल २०२०च्या प्रारंभी कोट्टायम वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून कोविड-१९वर मात करून घरी परतले. इटलीहून आलेल्या आप्तांकडून त्यांना संसर्ग झाला होता. वाढते वय हा मोठा धोका असला, तरी तो अंतिम निकाल नव्हे, हे यावरून दिसले. मात्र रुग्णालयातून सुटका होणे म्हणजे पूर्ववत होणे नव्हे.

विषाणूजन्य न्यूमोनियात फुप्फुसातील वायुकोशांना सूज येते, त्यांत द्रव साचतो आणि रक्ताला प्राणवायू अपुरा पडतो. वृद्धांमध्ये ताप, खोकला सौम्य असू शकतो. अचानक आलेला संभ्रम, अन्नावरची वासना उडणे किंवा तोल जाऊन पडणे, हेच कधी पहिले लक्षण ठरते. परिणामी निदानास विलंब होतो.

गंभीर अवस्थेत प्राणवायू हा उपचाराचा कणा होय. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत २०२० साली डेक्सामेथासोन या स्वस्त स्टिरॉइडमुळे श्वसनयंत्रावरील कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे आढळले. प्राणवायूची गरज नसलेल्या रुग्णांना त्याचा लाभ झाला नाही. शिवाय स्टिरॉइडमुळे रक्तातील साखर वाढत असल्याने मधुमेहींवर विशेष लक्ष ठेवावे लागते.

अंथरुणाला खिळल्याने वृद्धांच्या स्नायूंची झीज झपाट्याने होते. म्हणून प्रकृती स्थिरावताच बसवणे, उभे करणे व आधाराने चालवणे सुरू केले जाते. अतिदक्षता विभागात अनेकांना भ्रम होतो. अशा वेळी चष्मा, श्रवणयंत्र, पुरेशी झोप आणि ओळखीचा आवाज यांचा उपयोग होतो.

घरी आल्यावर चालण्याचे अंतर रोज थोडे वाढवावे. बसलेल्या स्थितीत प्राणवायूची पातळी ठीक असली, तरी चालताना ती घसरू शकते. आहारात डाळी, दूध, अंडी यांतून पुरेशी प्रथिने असावीत. श्वसननलिका काढल्यानंतर काही रुग्णांना गिळताना ठसका लागतो. त्यांना ताठ बसवूनच भरवावे. क्ष-किरण चित्रातील डाग नाहीसे होण्यास कित्येक आठवडे लागू शकतात.

धाप पुन्हा वाढल्यास, छातीत दुखल्यास, ओठ निळसर झाल्यास किंवा रुग्ण असंबद्ध बोलू लागल्यास त्वरित रुग्णालय गाठावे. पुढील आजार टाळण्यासाठी दरवर्षीची फ्लूची लस व न्यूमोकॉकल लस यांविषयी वैद्यांचा सल्ला घ्यावा. कुटुंबीयांनी धीर न सोडता केलेली ही शुश्रूषाच वृद्धाला पुन्हा स्वतःच्या पायांवर उभे करते.